भातखाचरातली 'बॉम्बी': लाओस, क्लस्टर बॉम्ब आणि आपण

मेकाँगकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कामानिमित्त दोन वर्षं लाओसमध्ये काढून गेल्या महिन्यात मिरजेला परतले. शिएंग ख्वांग प्रांतात, फोनसावनच्या आसपास विजेच्या मनोऱ्यांचे पाये घालायचं काम होतं. आपल्याकडे पायाचा खड्डा घ्यायचा तर जमीनमालकाची संमती घेतो, मुरूम लागतोय की खडक ते बघतो. तिथे सगळ्यात आधी बॉम्ब बघतात. शोधपथकाचा दाखला हातात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हा साइटवरचा पहिला नियम.

आमच्या पट्ट्यात आलेल्या पथकात बहुतेक बायकाच होत्या, विशी-तिशीतल्या. दोऱ्या ताणून जमिनीचे अरुंद पट्टे आखायचे आणि एकेका पट्ट्यावरून डिटेक्टर फिरवत जायचं. यंत्र कुंईं करतं. खाली खिळा असेल, डब्याचं झाकण असेल, काहीही असेल. तरी प्रत्येक वेळी गुडघे टेकून, जरा अंतरावरून सुरुवात करून, बाजूने माती खरवडत आत जायचं. वरून टोचायचं नाही. एका भातखाचरात मी मोजत बसले होते. सकाळपासून अठरा वेळा यंत्र वाजलं आणि अठराही वेळा पत्र्याचे कपटे निघाले. एकोणिसाव्या वेळी त्या मुलीचा हात थांबला. तिने खुरपं बाजूला ठेवलं, न वळता चार पावलं मागे आली आणि हात वर केला.

लांबून दुर्बिणीतून मला दाखवलं. टेनिसच्या चेंडूएवढा गोळा, अंगावर बारीक कडा, गंजून अगदी मातीच्या रंगाचा झालेला. तिथे याला 'बॉम्बी' म्हणतात. लहान मुलाच्या जिभेवर सहज बसावं असं नाव, आणि नेमकी मुलंच चेंडू समजून ती उचलतात. दुपारी कर्ण्यावरून गावाला सूचना दिली, रस्ते अडवले आणि बॉम्बी होती तिथेच उडवली. पन्नास वर्षं चिखलात पडूनही आवाज असा झाला की माझ्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. शेताची मालकीण माझ्या शेजारीच उभी होती. हे खाचर ती लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे तीस वर्षं नांगरत होती.

थोडा इतिहास सांगते. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर सुमारे ५,८०,००० उड्डाणं करून २० लाख टनांहून जास्त दारूगोळा टाकला. नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमान असा तो हिशेब होतो. लाओसशी युद्ध जाहीर केलेलंच नव्हतं. व्हिएतनामकडे जाणारी रसद तोडायची होती आणि लाओसमधल्या कम्युनिस्ट फौजांना दाबायचं होतं. यातल्या क्लस्टर बॉम्बमधून २७ कोटी बॉम्बी विखुरल्या, आणि अंदाजे ३० टक्के, म्हणजे ८ कोटींच्या आसपास, फुटल्याच नाहीत. एका मोठ्या कवचात सहाशेहून अधिक गोळे असतात. हवेत कवच उघडलं की ते गरगरत खाली येतात आणि त्या गरगरण्यानेच त्यांचा खटका तयार होतो. मऊ चिखलात पडले, बांबूच्या बेटात अडकले, की फुटत नाहीत. खटका मात्र तयारच राहतो. युद्ध संपल्यानंतर तिथे २०,००० हून अधिक माणसं अशा स्फोटांत मेली किंवा जायबंदी झाली. नांगराने फुटतात, कुदळीने फुटतात. अंगणात शेकोटी पेटवली आणि खालची जमीन तापली तरी फुटतात. भंगाराचा भाव चढला की माणसं जाणूनबुजून शोधायला जातात, पोटासाठी.

मला या धाग्यात खरं बोलायचंय ते पुढचं. ही हत्यारं बंद करायला जी माणसं उभी राहिली ती मोठ्या देशांची नव्हती. भूसुरुंगांविरुद्धची आंतरराष्ट्रीय मोहीम १९९२ मध्ये सहा संस्थांनी मिळून सुरू केली. १९९६ च्या ऑक्टोबरात ओटावाच्या बैठकीत कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड अॅक्सवर्दी यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, वर्षभरात करार तयार करून सह्यांना इथेच या. डिसेंबर १९९७ मध्ये भूसुरुंगबंदीच्या या ओटावा करारावर १२२ देशांनी सह्या केल्या. त्याच वर्षीचं शांततेचं नोबेल ती मोहीम आणि जोडी विल्यम्स यांना मिळालं. मोहिमेच्या वतीने ऑस्लोला ते घ्यायला कंबोडियाचा तुन चन्नारेथ व्हीलचेअरवरून गेला. सुरुंगात त्याचे दोन्ही पाय गेलेत. क्लस्टर बॉम्बवरचा करार त्यानंतर आला: मे २००८ मध्ये डब्लिनला मसुदा ठरला, डिसेंबरात ऑस्लोला सह्या झाल्या, १ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला. सदस्य देशांची पहिली बैठक व्हिएन्तिआनला, लाओसच्या राजधानीतच भरली.

भारत या दोन्ही करारांत नाही. अमेरिका, रशिया, चीन आणि पाकिस्तानही नाहीत. आपल्याकडे यावर बोलणंच होत नाही याचं मला वाईट वाटतं. तुम्हाला काय वाटतं? कुणी जवळून पाहिलंय का?

चंद्रभागा

वाचून सुन्न झाले. तीस वर्षं नांगरत होती हे वाचून तर पुढे सरकवेना. एक शंका: भूसुरुंग आणि क्लस्टर बॉम्ब एकच का? दोन वेगळे करार कशासाठी?

मेकाँगकाठची

भूसुरुंग मुद्दाम पेरतात, माणसाचा पाय पडण्याची वाट बघायलाच. क्लस्टर बॉम्ब विमानातून किंवा तोफेतून टाकतात आणि तो तिथल्या तिथे फुटावा अशी अपेक्षा असते. न फुटलेला गोळा पुढे सुरुंगासारखाच वागतो. म्हणूनच ओटावा करार झाल्यावर बरेच देश म्हणाले, आमचे क्लस्टर बॉम्ब त्यात बसत नाहीत. २००६ मध्ये लेबनॉनच्या युद्धात शेवटच्या तीन दिवसांत, शस्त्रसंधी ठरल्यावर, इस्रायलने दक्षिण भागावर लाखो गोळे टाकले. ते संत्र्या-ऑलिव्हच्या बागांत लटकत राहिले. त्यानंतर नॉर्वेने पुढाकार घेतला आणि वेगळा करार झाला.

निवृत्त_सॅपर

ताई, जय हिंद. मी साताऱ्याकडचा, खडकीला ट्रेनिंग झालं, बावीस वर्षं सॅपर होतो. सुरुंग पेरणं आणि उचलणं हेच आमचं काम. म्हणून लिहितो.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रमसाठी सगळी फौज पश्चिम सीमेवर गेली. पंजाब, राजस्थान, जम्मू या पट्ट्यांत शेतांमधून माइनफिल्ड घातली. उभ्या पिकात घातली, कारण सीमा शेतातूनच जाते. लढाई झाली नाही. मग ते सगळं उचलायचं आलं. घालायला दिवस लागतात आणि उचलायला वर्षं, हे तिथे कळलं. आमच्या बाजूचीही माणसं त्यात गेली. माझ्या ओळखीची दोन.

आपल्या फौजेची माइनफिल्ड कुंपणातली असते, नकाशा असतो, प्रत्येक ओळीची नोंद असते. हे खरं आहे आणि मी ते अभिमानाने सांगतो. पण वारा सुटला की वाळूचा ढीग या बाजूचा त्या बाजूला जातो. पावसाचा लोंढा आला की प्लास्टिकची माइन वाहून जाते, आणि तिच्यात लोखंड इतकं कमी की डिटेक्टर नीट बोलत नाही.

एका शेतात नोंदीप्रमाणे आकडा जुळेना. एक कमी. मालक म्हातारा होता. रोज सकाळी तारेच्या बाहेर येऊन बसायचा, किटलीत चहा आणायचा आणि एवढंच विचारायचा, "फौजी साहब, कितनी बाकी?" आठ दिवस आम्ही "एक" सांगत होतो. नवव्या दिवशी ओळीपासून चांगली सात-आठ पावलं लांब, बोराच्या झुडपाच्या मुळात सापडली. त्या दिवशी त्याने गूळ वाटला. ती सापडली नसती तर आम्ही तारा काढून ते शेत त्याला परत दिलं असतं का, हा विचार अजून रात्री येतो.

हुकूम होता म्हणून घातल्या, पुन्हा हुकूम आला असता तर पुन्हा घातल्या असत्या. पण कुणी मत विचारलं तर सांगेन, हे हत्यार बंद व्हावं.

चंद्रभागा

काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. नमस्कार.

हेलसिंकीकर

धागा आवडला, पण मी थोडं वेगळं मांडतो. राग मानू नका.

मी नऊ वर्षं फिनलंडमध्ये आहे, मुलं इथेच जन्मली. फिनलंड ओटावा करारात २०१२ मध्ये आला आणि साठ्यातले सुमारे दहा लाख सुरुंग त्याने नष्टही केले. आणि २०२५ मध्ये इथल्या संसदेने मोठ्या बहुमताने बाहेर पडायचं ठरवलं. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया, पोलंड यांनीही तेच केलं. लिथुआनिया तर त्याआधीच, मार्च २०२५ मध्ये क्लस्टर करारातूनही बाहेर पडला, असं करणारा पहिला देश. रशियाशी आमची १,३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे. जंगल, बर्फ, आणि लोकसंख्या जेमतेम ५६ लाख. युक्रेनचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या शेजारच्या आजी युद्धात घर सोडून आलेल्या कुटुंबातल्या. त्या म्हणतात, आमच्या जंगलात सुरुंग असले तर ते आमच्याच जंगलात असतील, दुसऱ्याच्या देशात नाही. त्यांना काय उत्तर द्यायचं? लाओसमध्ये टाकणारे निघून गेले. इथे घालणारे इथेच राहणार आहेत.

मेकाँगकाठची

हेलसिंकीकर, राग कशाला? तुम्ही सांगताय ती भीती खरी आहे आणि त्या आजींना इथून शहाणपण शिकवायची माझी लायकी नाही.

तरी मला पटत नाही. एक म्हणजे नॉर्वेचीही रशियाला सीमा लागते, आणि नॉर्वे करारात राहिलाय. दुसरं, आपल्याच जंगलात घातले तरी पाय कुणाचे पडणार? युक्रेनमध्ये आज ट्रॅक्टर उडतात ते युक्रेनच्या शेतकऱ्यांचेच. आणि तिसरं मला सगळ्यात टोचतं: करार झाला तेव्हा सगळ्यांनी म्हटलं होतं की हे हत्यार कुठल्याही परिस्थितीत वापरायचं नाही. शांतता होती तोवर पाळलं आणि संकट दिसताच सोडलं, तर उद्या म्यानमारच्या लष्कराला किंवा आणखी कुणाला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनाही आपलं संकट खरंच वाटतं. करारातच अशी तरतूद आहे की बाहेर पडायचं पत्र दिल्यावर सहा महिने थांबायचं, आणि तेव्हा तो देश युद्धात असेल तर युद्ध संपेपर्यंत सुटकाच नाही. लिहिणाऱ्यांना माहीत होतं की मोह नेमका तेव्हाच होणार.

निवृत्त_सॅपर

हेलसिंकीकर साहेब, लष्करी बाजूने दोन शब्द. सुरुंग एकटा काही अडवत नाही. त्यावर आपली नजर आणि गोळीबार असेल तरच शत्रू थांबतो, नाहीतर तो रात्रीत वाट काढतो. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. १९९६ मध्ये रेडक्रॉसने लष्करातल्याच जाणकारांना बसवून जुन्या लढाया तपासल्या होत्या, तेही साधारण याच मताला आले. रणगाड्यांसाठीचे सुरुंग वेगळे, त्यांना ओटावा करारात बंदीही नाही. आपण बोलतोय ते माणसाच्या पायासाठी असलेल्या छोट्या सुरुंगाबद्दल. तो बरेचदा मारतही नाही. पाय नेतो, कारण जखमी माणसाला उचलायला आणखी दोघे लागतात.

हेलसिंकीकर

काका, हे शेवटचं मला माहीत नव्हतं. माझं मत लगेच बदलेल असं नाही, पण आजींशी पुन्हा बोलेन.

वैनगंगेचा

गडचिरोलीत शिक्षक आहे. आमच्याकडे 'भूसुरुंग' हा शब्द पोरांनाही माहीत आहे. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी स्फोट घडवून १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक यांना मारलं. चालकाचा विचार करा. भाड्याने गाडी चालवणारा माणूस. त्या काळात आमच्या भागात नवा डांबरी रस्ता झाला तरी लोक विचारायचे, मोरीखाली कुणी काही ठेवलं नसेल ना? बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असलं तरी पोलिसांच्या गाडीत बसायला घरचे तयार नसायचे.

आता खूप बदल आहे, हे आनंदाने सांगतो. पण माझा प्रश्न असा: सरकारांनी सह्या केल्या तरी जंगलातल्या टोळ्या कुठे कुणाच्या करारात आहेत?

मेकाँगकाठची

सर, फार रास्त प्रश्न. जांभुळखेड्यासारखा लांबून कुणीतरी खटका दाबून केलेला स्फोट ओटावा कराराच्या व्याख्येत बसत नाही. करारातला सुरुंग म्हणजे बळीच्याच पायाने किंवा स्पर्शाने फुटणारा. लांबून उडवणाऱ्याचा गुन्हा त्याने कमी होत नाही, पण करार वेगळा.

सरकारबाहेरच्या सशस्त्र गटांसाठी 'जिनिव्हा कॉल' नावाची संस्था २०००पासून काम करते. हे गट देशांच्या करारावर सही करू शकत नाहीत, म्हणून त्यांच्याकडून वेगळं प्रतिज्ञापत्र घेतात. सुदानमधल्या आणि कुर्दिस्तानमधल्या गटांनी अशा सह्या केल्यात. सगळे पाळतातच असं नाही, पण विचारायला एक कागद हातात राहतो.

पुण्याची_अनुजा

मी कृत्रिम अवयव बनवण्याच्या कामात आहे. सुरुंगात पाय गेलेल्यांबद्दल लिहिते, कारण बातमीत फक्त 'जखमी' असं येतं.

सुरुंगाची जखम अपघाताच्या जखमेसारखी स्वच्छ नसते. स्फोट खालून वर जातो. माती, बुटाचे तुकडे, गवत, हाडाच्या कपच्या मांसात खोल घुसतात. वरून पोटरी चांगली दिसली तरी आतून सडते, म्हणून पाय दिसतो त्यापेक्षा वर कापावा लागतो. मोठ्या माणसाला दर तीन-चार वर्षांनी नवा पाय लागतो. मुलाला सहा महिन्यांनी, वर्षाने, कारण ते वाढतं. हाड कातडीपेक्षा लवकर वाढतं आणि टोक बाहेर येऊ पाहतं, म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. आठ वर्षांच्या पोराचा पाय गेला तर तो मोठा होईपर्यंत किती पाय लागतील ते तुम्हीच मोजा.

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट अफगाणिस्तान, कंबोडिया अशा सुरुंगग्रस्त देशांत हजारोंनी वापरला. पाश्चात्त्य पायाला बूट लागतो, त्याने उकिडवं बसता येत नाही आणि चिखलात तो खराब होतो. जयपूरचा पाय अनवाणी चालतो. भातलावणीला उतरणाऱ्या माणसासाठी हा फरक केवढा आहे, ते तो पाय लावून पहिल्यांदा बांधावर उभं राहिलेल्याचा चेहरा पाहिला की समजतं. करारावर सही नसली तरी भारताने हे दिलंय.

मेकाँगकाठची

अनुजा, अगदी अगदी. आणि क्लस्टर करारात हे कलमच आहे: बळींना उपचार, पुनर्वसन, रोजगार देणं सदस्य देशाला बंधनकारक. 'बळी' या शब्दात त्याचं कुटुंब आणि गावही धरलंय. ते कलम बळी ठरलेल्यांनीच रेटून घातलं. सर्बियाचा ब्रानिस्लाव कापेतानोविच स्वतः बॉम्ब निकामी करणारा. २००० साली एका विमानतळावर क्लस्टरचा गोळा फुटून त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय गेले. तो डब्लिनच्या वाटाघाटींत समोर बसून बोलला.

पवनचक्की

नेदरलँडहून. हे सगळं वाचून आपण काय करू शकतो असा प्रश्न पडतोच, त्याला एक उत्तर. २००७ मध्ये इथल्या टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने दाखवलं की सामान्य लोकांच्या पेन्शनचा पैसा क्लस्टर बॉम्ब आणि भूसुरुंग बनवणाऱ्या कंपन्यांत गुंतवलेला आहे. नर्स, शिक्षक, सगळ्यांचा. लोक इतके चिडले की फंडांनी ते शेअर काढले, आणि २०१३ पासून क्लस्टर बॉम्ब बनवणाऱ्यांत गुंतवणूक करायला कायद्यानेच बंदी आली. हा धागा वाचून मी माझ्या फंडाला यादी मागणारी मेल टाकलीय. परदेशात असलेल्यांनी प्रत्येकाने टाकावी.

सुरुंगांच्या निषेधासाठी फ्रान्समध्ये १९९५ पासून लोक दर वर्षी चौकात जुने बूट आणून टाकतात, त्यांचा डोंगर रचतात. दहा वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीला तिथे घेऊन गेलो होतो. तिने लहान झालेले बूट टाकायला नेले होते. एकच टाकला आणि दुसरा हातात धरून विचारलं, "एका पायाच्या मुलाला हा एवढा चालेल ना?"

चंद्रभागा

...

काय बोलू.

वैनगंगेचा

मेकाँगकाठची ताई, त्या पथकातल्या मुलींना पगार कोण देतं? लाओस सरकार?

मेकाँगकाठची

बहुतेक परदेशी मदतीतून. २०१६ मध्ये ओबामा लाओसला गेले, पदावर असताना तिथे जाणारे पहिले अमेरिकी अध्यक्ष, आणि तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. पुढेही पैसा येत राहिला. पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा अनेक देशांतली पथकं एका आदेशाने घरी बसली. टाकणाऱ्याच्या मर्जीवर साफसफाई चालते, म्हणून मला करार हवाय. क्लस्टर करारातल्या देशाला दहा वर्षांत जमीन साफ करायची मुदत आहे. वाढवून घ्यायची तर सगळ्यांसमोर उभं राहून कारण द्यावं लागतं, आणि ज्यांना शक्य आहे त्या देशांनी मदत करायची असते. लाओसने मुदत वाढवून घेतलीय, आणि कारण त्याच्या जमिनीत आहे.

भारताने उद्या सही करावी असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण संयुक्त राष्ट्रांत दर वर्षी ओटावा करारावर ठराव येतो आणि आपण तटस्थ राहतो. खासदाराला पत्र लिहून कारण विचारायला काय हरकत आहे? मी लिहिलंय.

निवृत्त_सॅपर

मीही लिहितो. सैनिकाचं पत्र म्हणून निदान वाचतील.

आणखी एक. ४ एप्रिलला सुरुंगांबद्दल जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो ना? त्या आठवड्यात आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये बोलायला जायचं म्हणतोय, हेडमास्तरांशी बोललोय. ताई, त्या बॉम्बीचं माप नीट सांगा. सुताराकडून लाकडाची हुबेहूब करून घेतो, पोरांच्या हातात द्यायला.

मेकाँगकाठची

काका, टेनिसच्या चेंडूएवढी, अंगावर उभ्या कडा, रंग गेरूत माती कालवल्यासारखा. पण हातात नका देऊ. तिथल्या शाळांत लहानपणापासून एवढंच शिकवतात, हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, आल्या पावली मागे फिरायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. आपल्या पोरांना तिथे जायचं नाहीये हे खरं, पण मला तो गोळा कुठल्याही मुलाच्या हातात बघवणार नाही.

निवृत्त_सॅपर

बरोबर बोललात. चित्र काढून भिंतीवर लावतो.